चाच्यांची गाणी आणि दुकानदाराचा हिशेब

दुकानाचे शटर वर गेले, झाडलोट झाली, की गल्ल्यावर बसण्याआधी हात आपोआप रेडिओच्या किंवा मोबाइलच्या बटणाकडे जातो. कोणते गाणे लागले, किती मोठ्याने लागले, ग्राहकाला ते कसे वाटले आणि ते लावण्याचा आपल्याला अधिकार होता काय, हे चार प्रश्न मात्र आपण क्वचितच स्वतःला विचारतो. माल घेताना पैशापैशाचा हिशेब करणारा दुकानदार गाण्याच्या बाबतीत बेहिशेबी असतो.

हा हिशेब समजून घेण्यासाठी एक दूरचे आणि थोडे गमतीचे उदाहरण घेऊ. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमध्ये बैठ्या खेळांची दुकाने असतात. या दुकानांत अधूनमधून समुद्री चाच्यांवरची विनोदी गाणी लावली जातात. विषय पोरकट वाटेल. पण या गाण्यांच्या मागे तीनशे वर्षांचा व्यापार आहे, सुरतेच्या बंदराचे नाव आहे आणि प्रत्येक लहान दुकानदाराला लागू पडेल असा कायद्याचा धडाही आहे.

खेळांचे दुकान कशावर चालते?

या दुकानात सोंगट्या-फाशांचे खेळ, पत्त्यांचे संच आणि रंगवायच्या लहान मूर्ती विकल्या जातात. १९९३ साली 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ बाजारात आला आणि अशा दुकानांना मोठा आधार मिळाला. ग्राहक पत्त्यांची पाकिटे पुन्हा पुन्हा घेऊ लागले आणि खेळायला जोडीदार हवा म्हणून दुकानातच जमू लागले. त्यामुळे दुकानाच्या मागच्या भागात टेबले मांडली जातात. संध्याकाळी तेथे डाव रंगतात आणि एकेक ग्राहक तीन-तीन, चार-चार तास बसतो.

तोच खेळ घरबसल्या मागवला तर अनेकदा स्वस्त पडतो. मग माणूस दुकानात का येतो? तेथे बसायला जागा मिळते, खेळ समजावून सांगणारा मिळतो, सोबत मिळते. म्हणजे हा दुकानदार मालाबरोबर वातावरणही विकतो. तेथे लागलेले गाणे हा त्या वातावरणाचा भाग आहे.

चाच्यांचा विषय या धंद्यात हमखास चालतो. 'जमैका', 'लिबर्टालिया', 'स्कल किंग' असे कितीतरी खेळ जहाज, खजिना आणि लुटारू यांच्यावर बेतलेले आहेत. त्यात १९ सप्टेंबर हा 'चाच्यांसारखे बोलण्याचा दिवस' ठरून गेला आहे. १९९५ साली ऑरेगॉन राज्यातील दोन मित्रांनी तो थट्टेत सुरू केला. २००२ साली डेव्ह बॅरी या विनोदी स्तंभलेखकाने त्यावर लिहिले आणि तो सर्वत्र पसरला. खेळांच्या दुकानाला या दिवशी चाच्यांचे खेळ पुढे मांडायला, स्पर्धा ठेवायला आयते निमित्त मिळते आणि त्यासाठी गाण्यांची यादी लागते.

गाण्याने विक्री बदलते काय?

बदलते, असे दाखवणारे प्रयोग झालेले आहेत. रोनाल्ड मिलिमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८२ साली एका मोठ्या किराणा भांडारातील प्रयोग प्रसिद्ध केला. जलद लयीचे संगीत लावले तेव्हा ग्राहक भराभर चालले, संथ लयीचे लावले तेव्हा रेंगाळले. संथ संगीताच्या दिवसांत विक्री सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक झाली.

दुसरा प्रयोग इंग्लंडमधील. १९९७ साली तो 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आला. भांडारात फ्रेंच वाद्यसंगीत लावले की फ्रेंच माल जास्त खपला आणि जर्मन संगीत लावले की जर्मन माल. गंमत अशी की, संगीतामुळे आपण ही वस्तू उचलली, हे बहुतेक ग्राहकांना मान्यच नव्हते. तेथे विकली जाणारी वस्तू दारूची होती, पण धडा कोणत्याही मालाला लागू आहे. गाण्याचा विषय आणि समोरच्या मालाचा विषय जुळला, तर ग्राहकाचा हात नकळत त्या मालाकडे जातो. चाच्यांच्या खेळांजवळ चाच्यांचे गाणे लावण्यामागे हाच हिशेब आहे.

पण एक अडचण आहे. विनोदी गाणे हे विनोदासारखेच असते. पहिल्यांदा हसू येते, तिसऱ्यांदा ओठ हलतात, दहाव्यांदा वैताग येतो. समजा, यादीत २० गाणी आहेत आणि ती सुमारे एका तासात संपतात. आठ तासांच्या पाळीत प्रत्येक गाणे आठ वेळा वाजेल. सहा दिवसांच्या आठवड्यात ४८ वेळा. ग्राहक ते एकदा ऐकून जातो. दुकानातल्या पोराला मात्र ते ४८ वेळा ऐकावे लागते आणि त्याचा त्रासलेला चेहरा ग्राहकाला दिसतो.

या गाण्यांचा जन्म सुरतेच्या वाटेवरचा

चाच्यांवरची गाणी आज करमणुकीची वाटतात. ती मुळात बाजारात विकण्यासाठीच छापली गेली होती. सतराव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर एका कागदावर छापलेली पदे विकली जात. ताजा गुन्हा, ताजी फाशी, ताजी लढाई असा त्यांचा विषय असे. चाल लोकांच्या ओळखीची असे, शब्द नवे असत. त्या काळातला तो वर्तमानपत्राचा आणि करमणुकीचा एकत्र धंदा होता.

१६९४ साली हेन्री एव्हरी या इंग्रज खलाशाने बंड करून जहाज बळकावले, त्याचे नाव 'फॅन्सी' ठेवले आणि तो हिंदी महासागराकडे निघाला. त्याच्या नावाचे एक पद त्याच वर्षी लंडनमध्ये छापले गेले. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १६९५ मध्ये, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी सुरतेकडे परतणारी दोन जहाजे गाठली. पहिले सुरतेचे मोठे व्यापारी अब्दुल गफूर यांचे 'फतेह मुहम्मदी'. दुसरे बादशहा औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई'. या दुसऱ्या जहाजावर मक्केहून परतणारे हाजी होते. अनेक दिवस लूट चालली, प्रवाशांचा छळ झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. इतिहासकार खाफी खान यांनी या प्रकाराचे वर्णन लिहून ठेवले आहे. या लुटीचा परिणाम सुरतेतील इंग्रज व्यापाऱ्यांवर झाला. त्यांना कैदेत टाकण्यात आले, त्यांचा व्यापार थांबला आणि ईस्ट इंडिया कंपनीला भरपाईचे आश्वासन द्यावे लागले.

एव्हरी कधीच सापडला नाही. त्याचे काही साथीदार पकडले गेले आणि १६९६ साली लंडनमध्ये त्यांपैकी पाच जणांना फाशी झाली. पण इंग्लंडच्या करमणुकीच्या बाजारात एव्हरी नायक झाला. १७१२ साली लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात त्याच्यावर बेतलेले नाटकही आले. ज्यांचे जहाज लुटले गेले त्यांचे पद कोणी छापले नाही.

दुसरे नाव कॅप्टन विल्यम किड याचे. जानेवारी १६९८ मध्ये त्याने मलबारच्या किनाऱ्याजवळ 'केदा मर्चंट' हे जहाज पकडले. ते बंगालहून सुरतेकडे चालले होते. त्यावर आर्मेनियन व्यापाऱ्यांनी भरलेले रेशीम, मलमल, साखर असा माल होता. २३ मे १७०१ रोजी किडला लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी फाशी देण्यात आले. पहिल्या वेळी दोर तुटला आणि त्याला पुन्हा चढवावे लागले. त्याच्या तोंडी घातलेले निरोपाचे पद तेव्हा छापून विकले गेले. ते पुढे अमेरिकेत इतके पसरले की गाता गाता विल्यमचा रॉबर्ट झाला. हे पद आजही गायले जाते आणि चाच्यांच्या गाण्यांच्या बहुतेक संग्रहांत ते सापडते.

चाचा कोणाला म्हणायचे, हेही लिहिणाऱ्यावर अवलंबून असते. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांच्या कागदपत्रांनी चाचा ठरवले. कोकणच्या दृष्टीने ते आपल्या समुद्रावर दस्तक मागणारे आरमारप्रमुख होते. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' या चित्रपटमालिकेच्या २००७ सालच्या तिसऱ्या भागात हिंदी महासागराचा चाचा-सरदार म्हणून 'श्री संभाजी आंग्रिया' नावाचे पात्र आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या सरकारी शेऱ्यातून आजच्या करमणुकीत आंग्रे घराण्याचे नाव असे पोहोचले.

खलाशांची गाणी चाच्यांची नव्हेत

आज 'चाच्यांची गाणी' म्हणून जी लावली जातात त्यांतली पुष्कळशी खरे तर 'शँटी' या प्रकारातली आहेत. शँटी म्हणजे व्यापारी जहाजावरील श्रमगीत. शिडाचा दोर ओढायचा, नांगर वर घ्यायचा, तर सर्वांचा जोर एका क्षणी लागला पाहिजे. एकाने ओळ उचलायची, बाकीच्यांनी ती धरायची आणि ठरलेल्या शब्दावर हिसका द्यायचा. ही रीत आपल्याकडच्या नाखव्यांना आणि गोदीतल्या हमालांना नवी नाही. शँटीचा मुख्य काळ एकोणिसावे शतक. एव्हरी आणि किड त्याआधी शंभरहून अधिक वर्षे होऊन गेले.

हा घोटाळा वाढण्यास एक व्हिडिओ खेळही कारण झाला. २०१३ साली आलेल्या 'असॅसिन्स क्रीड : ब्लॅक फ्लॅग' या खेळात जहाजावरील मंडळी शँटी गातात आणि खेळणारा नवी नवी गाणी गोळा करत जातो. खेळातला काळ आहे १७१५ च्या पुढचा, गाणी बहुतेक त्यानंतरच्या शतकातली. इतिहास चुकला, पण लाखो तरुणांच्या कानांवर ही गाणी पडली आणि खेळांच्या दुकानाला ग्राहक तयार मिळाला.

डिसेंबर २०२० मध्ये नेथन इव्हान्स या स्कॉटिश टपालवाल्याने 'वेलरमन' हे गाणे मोबाइलवर गाऊन टाकले आणि जगभर लोक त्यात आपला आवाज मिसळू लागले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याची नवी आवृत्ती ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. हे गाणेही चाच्यांचे नाही. ते न्यूझीलंडच्या देवमाशांच्या शिकारीतले आहे. वेलर बंधूंनी १८३१ साली तेथे शिकारीचे ठाणे उभारले होते. त्यांच्याकडून रसद घेऊन येणाऱ्या माणसाची वाट पाहणाऱ्या मजुरांचे हे गाणे आहे. तरीही दुकानात ते चाच्यांच्या यादीत बसते, कारण ग्राहक तारखा तपासत नाही. त्याला ताल हवा असतो आणि सर्वांना मिळून म्हणता येईल असे पालुपद हवे असते.

चाच्यांवरचे नाटक आणि खऱ्या चाचेगिरीची भीती

विनोदी चाच्यांची परंपरा रंगभूमीवरून आली. गिल्बर्ट आणि सुलिव्हन या इंग्रज जोडीचे 'द पायरेट्स ऑफ पेन्झान्स' हे संगीत नाटक १८७९ सालचे. यातले चाचे इतके मऊ मनाचे की अनाथाला कधी लुटत नाहीत. हे कळल्यामुळे सापडलेला प्रत्येक जण 'मी अनाथ आहे' असे सांगतो आणि त्यांचा धंदा बुडतो. यातल्या एका कोरसच्या चालीवर पुढे अमेरिकेत वेगळेच लोकप्रिय गाणे झाले.

व्यापाराच्या दृष्टीने या नाटकाची जन्मकथा महत्त्वाची आहे. या जोडीचे आधीचे नाटक 'एच.एम.एस. पिनाफोर' १८७८ साली लंडनमध्ये गाजले. त्या वेळी अमेरिकेचा कायदा परदेशी लेखकाच्या हक्काला संरक्षण देत नव्हता. अमेरिकेतील कितीतरी कंपन्यांनी ते नाटक परवानगीवाचून लावले आणि मूळ कर्त्यांच्या हाती काही आले नाही. म्हणून पुढच्या नाटकाच्या वेळी ही मंडळी स्वतः न्यूयॉर्कला गेली. ३० डिसेंबर १८७९ रोजी इंग्लंडमधील पेंटन गावात घाईघाईने एक प्रयोग उरकण्यात आला, म्हणजे ब्रिटनमधला हक्क पक्का झाला. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्कला मुख्य प्रयोग झाला. चाच्यांवरचे नाटक चाच्यांच्या हातून वाचवण्यासाठी एवढी धडपड करावी लागली!

स्टीव्हन्सन यांच्या १८८३ सालच्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीने चाच्यांचे चित्र पक्के केले. त्यात खलाशांच्या एका गाण्याच्या मोजक्याच ओळी आहेत. १८९१ साली यंग अ‍ॅलिसन या अमेरिकन लेखकाने त्यांवरून पूर्ण गीत रचले. १९५० साली या कादंबरीवर चित्रपट निघाला. त्यात रॉबर्ट न्यूटन या नटाने नैर्ऋत्य इंग्लंडच्या धाटणीचे उच्चार वापरले. आज जगभर 'चाच्यांची बोली' म्हणून जी नक्कल होते ती मुख्यतः या नटाची आहे.

आजच्या यादीतली गाणी

दुकानदाराच्या उपयोगाची गाणी साधारण चार प्रकारची आहेत.

पहिला प्रकार मुलाबाळांचा. डिस्नेलँडमध्ये १९६७ साली चाच्यांची सफर सुरू झाली. तिचे गाणे झेव्हियर अटेन्सियो यांनी लिहिले आणि जॉर्ज ब्रन्स यांनी चाल दिली. 'लेझीटाउन' या आइसलँडच्या बालमालिकेतले 'यू आर अ पायरेट' हेही याच जातीचे, लहान, उड्या मारणारे, लगेच पाठ होणारे.

दुसरा प्रकार विनोदी गीतकारांचा. कॅनडातील 'द अ‍ॅरोगंट वर्म्स' या मंडळींचे 'द लास्ट सस्कॅचेवान पायरेट' हे गाणे १९९२ च्या सुमाराचे. सस्कॅचेवान हा गव्हाचा प्रांत. त्याला समुद्र नाही. जमीन गमावलेला एक शेतकरी तेथल्या नदीवर चाचा बनतो, अशी कल्पना आहे. हसता हसता कर्जबाजारी शेतकऱ्याचे दुःख सांगून जाणारे हे गाणे आहे. म्हणून ते इतर विनोदी गाण्यांपेक्षा जास्त वर्षे टिकले. १९ सप्टेंबरच्या दिवसावर टॉम स्मिथ या अमेरिकन गायकाचे गाणे आहे. १९९७ सालच्या 'द कर्स ऑफ मंकी आयलंड' या संगणक खेळातले चाच्यांचे गाणे तर खेळप्रेमींना घरचेच वाटते.

तिसरा प्रकार दणदणाटाचा. स्कॉटलंडच्या 'अ‍ॅलेस्टॉर्म' या बँडचा पहिला संग्रह २००८ सालचा. यांची गाणी कर्कश आहेत आणि अनेकांत दारूबाजी आणि शिवराळ शब्द आहेत. मुले आणि पालक दुकानात असताना ती लावणे म्हणजे ग्राहक घालवणे होय. या विषयाच्या कितीतरी गाण्यांत रमचे पिंप असतेच. म्हणून शब्द पूर्ण ऐकल्याशिवाय एकही गाणे यादीत घेऊ नये. डिस्नेसारख्या मोठ्या कंपनीलाही हे कळले आहे. आपल्या सफरीतला स्त्रियांच्या लिलावाचा देखावा त्यांनी २०१८ साली अमेरिकेत बदलला.

चौथा प्रकार जुन्या धाटणीच्या नव्या रचनांचा. स्टॅन रॉजर्स या कॅनडाच्या गायकाचे 'बॅरेट्स प्रायव्हेटियर्स' ऐकले तर ते अठराव्या शतकातले लोकगीत वाटते. प्रत्यक्षात ते त्यांनी १९७६ साली लिहिले. दुकानदार बहुधा येथेच फसतो, कारण 'जुने गाणे, त्याला कसला मालक?' असे तो धरून चालतो.

गाणे कोणाचे?

प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल यांची. दुसरी त्या ध्वनिमुद्रणाची. किडचे १७०१ सालचे पद कोणाच्याही मालकीचे नाही, ते वाटेल त्याने गावे. पण एखाद्या गायकाने ते २०१० साली मुद्रित केले असेल, तर त्या मुद्रणाला मालक आहे. भारतात शब्द आणि चालीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो.

गाण्याची प्रत विकत घेतली किंवा मोबाइलवर महिन्याची वर्गणी भरली, म्हणजे ते दुकानात वाजवण्याचा हक्क मिळाला असे होत नाही. ती वर्गणी स्वतः ऐकण्यापुरती असते. दुकान हे सार्वजनिक ठिकाण आहे. तेथे गाणे वाजवण्याचा परवाना वेगळा.

या परवान्याची पद्धत देशोदेशी निराळी आहे. अमेरिकेत गीतकार-संगीतकारांच्या वतीने १९१४ साली स्थापन झालेली 'अ‍ॅस्कॅप' आणि १९३९ सालची 'बीएमआय' या मुख्य संस्था शुल्क घेतात. मुद्रणाच्या मालकाला तेथे दुकानातल्या रेकॉर्ड किंवा सीडीच्या वादनाबद्दल काही मिळत नाही. परवान्यावाचून वाजवल्याचे सिद्ध झाले तर एकेका गाण्यामागे किमान ७५० डॉलरपासून भरपाई लागू शकते. ब्रिटनमध्ये दोन्ही हक्कांसाठी २०१८ पासून एकच एकत्रित परवाना मिळतो.

लहान दुकानांसाठी अमेरिकेने १९९८ साली एक सूट दिली. २,००० चौरस फुटांपेक्षा लहान दुकानात रेडिओ किंवा टीव्ही लावला तर शुल्क नाही. ही सूट फक्त प्रक्षेपणापुरती आहे, स्वतः निवडलेल्या सीडीला किंवा यादीला नाही. पण एवढ्यानेही युरोपातील संगीतकारांचे उत्पन्न बुडाले. आयर्लंडच्या संगीतकारांच्या संस्थेने तक्रार उचलली, युरोपीय संघाने ती जागतिक व्यापार संघटनेकडे नेली आणि २००० साली निकाल अमेरिकेच्या विरुद्ध गेला. अमेरिकेने पुढे तीन वर्षांपोटी ३३ लाख डॉलर दिले, कायदा मात्र बदलला नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातला रेडिओ असा दोन महासत्तांच्या वादाचा विषय झाला.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुकानाच्या चौरस फुटांवरून अशी सरसकट सूट नाही. धार्मिक विधी, सरकारी समारंभ, लग्न आणि लग्नाची वरात यांना कलम ५२ मध्ये मोकळीक आहे. दुकान, उपाहारगृह, सलून यांना ती नाही. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला कलम ६३ प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. नफ्याचा हेतू नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकते. शब्द-चालीच्या हक्कांसाठी 'आयपीआरएस' आणि ध्वनिमुद्रणासाठी 'पीपीएल' ही नावे आपल्या व्यापाऱ्यांनी ऐकलेली असतात. वसुलीला कोणी आला तर हमरीतुमरीवर येऊ नये. तो कोणत्या हक्काचे पैसे मागतो, कोणती गाणी त्याच्याकडे आहेत आणि पावती कोणाच्या नावाने मिळेल, हे तीन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे.

यादी कशी करावी?

समजा, १९ सप्टेंबरच्या संध्याकाळी चार तासांचा कार्यक्रम आहे. चार तास म्हणजे २४० मिनिटे. तीन मिनिटांचे एक गाणे धरले तर ८० गाणी लागतील. ही सर्व विनोदी घेतली तर तासाभरात लोक उठून जातील. पाच गाण्यांमागे एक विनोदी गाणे घेतले, तर १६ पुरतात आणि एकही दुसऱ्यांदा वाजत नाही. उरलेल्या ६४ मध्ये शँटी आणि जुनी पदे थोडी आणि शब्दांवाचूनचे समुद्री वाद्यसंगीत जास्त ठेवावे. टेबलावर नवा खेळ समजावून सांगणे चालू असते. गाण्यातले शब्द त्या बोलण्यात मिसळले की नियम डोक्यात शिरत नाहीत.

आवाजाचे माप सोपे आहे. टेबलाच्या दोन टोकांना बसलेल्यांना आवाज न चढवता बोलता आले पाहिजे. लोक येण्याच्या वेळी ओळखीची, मिळून म्हणता येतील अशी गाणी असावीत. डाव रंगला की संथ वाद्यसंगीत. बक्षीस देताना एखादे जोरकस विनोदी गाणे. कार्यक्रम संपला की यादी बंद करावी आणि पुढच्या वर्षापर्यंत उघडू नये. गमतीचे गाणे विरळ वाजले तरच गमतीचे राहते.

प्रत्येक गाण्यापुढे वहीत चार रकाने करावेत. शब्द कोणाचे, मुद्रण कोणाचे, परवाना कोणता आणि शब्द सर्वांसमोर ऐकण्यासारखे आहेत की नाहीत. चारही रकाने भरले तर गाणे ठेवावे. एकही रिकामा राहिला तर वगळावे. त्याऐवजी गावातल्या होतकरू गायक-वादकांना ठरलेले मानधन देऊन जुनी, मालकी संपलेली पदे त्यांच्याकडून म्हणवून घेता येतात. मुद्रणाच्या परवान्याचा प्रश्नच उरत नाही, त्यांना काम मिळते आणि ग्राहकालाही ते वेगळे वाटते.

आपल्या गावात खेळांचे असे दुकान असो वा नसो, कापडाचे, खेळण्यांचे, चहाचे दुकान आहेच. ईदच्या आणि दिवाळीच्या हंगामात तेथेही गाणी लागतात आणि वरचे चार रकाने तेथेही तसेच लागू पडतात. गाणे लिहिणारा, चाल देणारा, गाणारा हाही कारागीरच आहे. आपल्या दुकानातला कापडाचा तागा कोणी न विचारता उचलून नेला तर आपण त्याला चोर म्हणतो. त्याचे गाणे न विचारता वाजवून आपण गल्ला भरला तर तो आपल्याला काय म्हणेल?

हाजींचे जहाज लुटणाऱ्या एव्हरीला गाण्यात नायक होता आले, कारण ज्यांचे नुकसान झाले ते गाणे ऐकणाऱ्यांपासून दूर होते. परवान्यावाचून वाजलेल्या गाण्याचा कारागीरही आपल्या गल्ल्यापासून असाच दूर असतो. चाच्यांची थट्टा गाण्यात खुशाल चालू द्यावी. दुकानाच्या हिशेबाच्या वहीत मात्र चाचेगिरीला जागा असू नये.